मनाचे दुखणे आणि इतबाराची माणसे

शनिवार पेठेतील ज्या वाड्यात माझे बालपण गेले, त्या वाड्याच्या मागील सोप्यावर माझी आत्या दुपारच्या वेळी तांदळाचे सूप मांडीवर घेऊन बसत असे. तिचा एकुलता एक मुलगा विषमज्वराने गेला, त्यानंतरच्या वर्षात घरातील वडील मंडळींनी तिला सावरण्याचे आपापले सर्व उपाय, म्हणजे पोथी, उपास, काशीयात्रेचे बेत आणि अखेरीस रागावणे, एकामागून एक करून पाहिले. आणि ते सारे थकल्यावर समोरच्या बिऱ्हाडातील एक काकू रोज दोनच्या सुमारास स्वतःचे सूप घेऊन तिच्या शेजारी येऊन बसू लागल्या. त्या काही बोलत नसत. बोटांच्या टोकांनी तांदूळ पुढे सारायचा, खडा दिसला की उचलून पितळी वाटीत टाकायचा, आणि वाटीत तो खडा पडल्याचा आवाज, एवढाच काय तो दोघींमधला संवाद. पहिले कित्येक दिवस आत्याच्या सुपातील तांदूळ जसाच्या तसा राही, आणि आपले सूप निवडून झाले म्हणजे काकू आत्याचे सूप हलकेच स्वतःकडे ओढून घेत. पुढे केव्हातरी आत्याची बोटे हलू लागली. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी ती बोलू लागली. आणि ज्या दिवशी ती पहिल्यांदा मोठ्याने रडली, त्या दिवशी आम्हा मुलांना मागल्या दारी जायची बंदी झाली.

हा प्रसंग आठवण्याचे कारण असे, की अलीकडे वर्ष-दोन वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या परिचितांपैकी पाच-सात जणांनी, उठून चप्पल पायात घालता घालता, आवाज खाली करून एकच प्रश्न विचारला: ‘मनाच्या दुखण्यासाठी इतबाराचे असे कोणी तुमच्या माहितीत आहे का?’ गुडघ्यासाठी किंवा मोतीबिंदूसाठी डॉक्टर विचारला, तर पुण्यात चार माणसे सहा पत्ते सांगतात आणि त्यांपैकी दोघे बरोबर यायलाही तयार होतात. मनाचा विषय निघाला, की मात्र ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हा शहाणपणा सर्वांना एकदम आठवतो. आपल्या भाषेत ‘दुखणे अंगावर काढणे’ असा एक वाक्प्रचार आहे. शरीराच्या दुखण्याबाबत तो आपण तक्रारीच्या सुरात वापरतो. मनाचे दुखणे अंगावर काढणाराचे मात्र आपण कौतुक करतो आणि त्याला खंबीर म्हणतो. बंगळुरूच्या ‘निमहान्स’ या संस्थेने 2015-16 मध्ये जी राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली, तिच्यात प्रौढ लोकसंख्येपैकी 10.6 टक्के माणसे त्या घडीला कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त असल्याचे आढळले, आणि निरनिराळ्या विकारांच्या बाबतीत उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण 70 ते 92 टक्क्यांपर्यंत होते. या वंचितांपैकी पुष्कळांच्या गावी डॉक्टरच नाही, हे खरे. परंतु पुण्यासारख्या शहरात, जिथे डॉक्टर आहेत, संस्था आहेत, पुस्तकांची दुकाने आणि ग्रंथालये आहेत, तिथेही माणूस उंबरठ्याशी अडतो, तो बहुधा लाजेने आणि कोणावर भरवसा ठेवावा हे न कळल्याने अडतो. लाजेवर लिहिलेले बरेच आहे. इतबाराविषयी, म्हणजे विश्वास कशाच्या आधारे ठेवावा याविषयी, मला येथे लिहावयाचे आहे.

पुणेकरांच्या तोंडी ‘येरवडा’ हा शब्द दोन अर्थांनी येतो, आणि दोन्ही अर्थ भीतीचे आहेत. तुरुंग एक, आणि अडीच हजारांहून अधिक खाटांची मंजुरी असलेले प्रादेशिक मनोरुग्णालय दुसरे. ‘याला येरवड्याला धाडा’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि ते बोलणाराला आपण काही क्रूर बोललो असे कधी वाटलेले मला दिसले नाही. तथापि, मनाच्या दुखण्यातून माणसे प्रेमाने बाहेर काढण्याचा महाराष्ट्रातील एक थोर प्रयोग याच येरवड्याच्या आवारात सुरू झाला. अनिल अवचट यांनी ब्राउन शुगर, म्हणजे ज्याला रस्त्यावर ‘गर्द’ म्हणत त्या विषाच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी मदतीचा हात पुढे केला. आणि मनोरुग्णालयात डॉक्टर म्हणून नोकरी करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी, म्हणजे अनिल अवचटांच्या पत्नीने, ज्यांना वृत्तपत्रे ‘गर्दुल्ले’ म्हणत त्यांना पोटच्या मुलांप्रमाणे जवळ घेण्याचे काम अंगावर घेतले. 29 ऑगस्ट 1986 रोजी ‘मुक्तांगण’ उघडले.

या संस्थेत जे घडले ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण इतबार कसा निर्माण होतो याचा तो वस्तुपाठ आहे. नशा सोडल्यावरचे पहिले काही दिवस, ज्यांना ते तरुण ‘टर्की’ म्हणत, हे हाडे मोडून निघाल्यासारख्या वेदनांचे असतात. त्या वेदनांसाठी औषध लागते आणि डॉक्टर लागतो. परंतु ते दिवस सरले, अंगातील विष निघाले, आणि माणूस खिडकीशी बसून विचार करू लागला, म्हणजे त्याला जे हवे असते ते औषधाच्या बाटलीत नसते. त्याला असा मनुष्य हवा असतो, की जो या वाटेने गेला आहे आणि परत आला आहे. मुक्तांगणने हे ओळखले आणि बऱ्या झालेल्या माणसांनाच कार्यकर्ते आणि समुपदेशक म्हणून उभे केले. तेथे दाखल झालेल्यास ‘रुग्णमित्र’ म्हणतात. पुन्हा नशा केली गेली तर ‘स्लिप झाली’ असे म्हणतात. पाय घसरलेला मनुष्य उठू शकतो हे त्या एका शब्दात येऊन जाते, आणि ‘बिघडला’, ‘वाया गेला’ या आपल्या घरगुती शब्दांत ते येत नाही. व्यसनाविना एक वर्ष काढलेल्याचा तेथे वाढदिवस होतो. व्यसनी माणसाबरोबर त्याची पत्नीही आजारी पडलेली असते, तिची झोप, तिची अन्नावरची वासना आणि माणसांवरचा तिचा विश्वास गेलेला असतो, हे ध्यानी घेऊन पत्नींसाठी ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट उभा राहिला. डॉ. अनिता अवचट कर्करोगाने 1997 मध्ये गेल्या. आजारपणातही त्यांनी हे काम सोडले नव्हते. संस्था आज त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर पाहतात, आणि येरवड्याला जाणे म्हणजे सुटका होणे असा अर्थ निदान काही हजार घरांपुरता तरी बदललेला आहे.

समदुःखी माणसाच्या संगतीचे हे सामर्थ्य पुण्याला तसे नवे नव्हते. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन 1889 साली मुंबईत निघाले आणि दुसऱ्याच वर्षी पुण्यात आले. धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम 1896 मध्ये निघून 1900 साली हिंगण्याच्या माळावर स्थिरावला. या संस्थांचा इतिहास आपण स्त्रीशिक्षणाच्या प्रकरणात वाचतो आणि ते यथायोग्यच आहे. परंतु त्या घरांत येणारी मुलगी दहा-बारा वर्षांची असताना विधवा झालेली, केशवपन केलेली, ‘पांढऱ्या पायाची’ हे शब्द ऐकत मोठी झालेली असे, आणि तेथे तिला प्रथम भेटत असे ती आपल्यासारखीच दुसरी मुलगी. धडा नंतर येई. रमाबाईंच्या सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी एक, ज्या पुढे याच धोंडो केशव कर्व्यांशी विवाह करून आनंदीबाई झाल्या, त्यांनी ‘माझे पुराण’ लिहिले. त्यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी ‘माझी कहाणी’ लिहिली. ज्या बायकांना घरात तोंड उघडण्याची मुभा नव्हती, त्यांनी आपले आयुष्य स्वतःच्या हाताने कागदावर उतरवले, यात मला साहित्याइतकेच आरोग्यही दिसते.

पुढे याच मार्गाने आणखी एक संस्था पुण्यात उभी राहिली. डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया, म्हणजे ज्याला आपण छिन्नमनस्कता म्हणतो, हा विकार झाला. परदेशात अशा रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी जे मदतगट त्यांनी पाहिले, तसे आपल्या लोकांसाठी असावेत या तळमळीने 1997 मध्ये ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ ही संस्था त्यांनी पुण्यात स्थापन केली. या वर्तुळात दोन शब्द रूढ झाले आहेत, आणि ते मराठीला मिळालेले दागिने आहेत असे मी मानतो. विकार असलेल्या व्यक्तीला ‘शुभार्थी’ म्हणायचे, म्हणजे शुभ इच्छिणारा. आणि तिची काळजी वाहणाराला ‘शुभंकर’, म्हणजे शुभ करणारा. ‘रुग्ण’ आणि ‘पालक’ या शब्दांत एक जण ओझे असतो आणि दुसरा ते वाहणारा. शुभार्थी आणि शुभंकर यांत दोघेही एकाच वस्तूकडे तोंड करून उभे राहतात. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळातही हेच शब्द वापरतात. अशा गटाची बैठक म्हणजे काय, याचे पुष्कळांना भय वाटते, म्हणून सांगतो: एक साधी खोली, वर्तुळात मांडलेल्या खुर्च्या, आणि बोलण्याची सक्ती नाही. मी एकदा एका परिचिताच्या सोबतीसाठी अशा एका बैठकीला बसलो होतो. एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, की मुलाचे औषध ते ताकात घालून चोरून देतात आणि त्याची त्यांना शरम वाटते. कोणी उपदेश केला नाही. पलीकडच्या खुर्चीवरील बाई एवढेच म्हणाल्या, ‘आम्ही आमटीत घालत होतो. मग एक दिवस त्याला सांगून टाकलं.’ आणि त्या बाईंनी काय सांगितले, मुलगा कसा रागावला, जेवण कसे दोन दिवस टाकले आणि तिसऱ्या दिवशी गोळी हातात मागून कशी घेतली, हे त्या गृहस्थांनी जवळच्या वहीत अक्षर न् अक्षर उतरवून घेतले.

भार्गवी दावर यांचा ‘बापू ट्रस्ट’ही 1999 पासून पुण्याचाच. स्वतःच्या आईने मनोरुग्णालयांत जे भोगले त्यातून त्यांचा प्रश्न जन्मला, आणि पुण्याच्या वस्त्यांमधून घरोघरी जाऊन काम करणारा ‘सेहर’ हा उपक्रम त्यातून निघाला. वैद्यकाच्या अधिकाराविषयी त्यांची मते कडक होती. ती सर्वच मला पटतात असे नाही, परंतु मनाच्या दुखण्याच्या मुळाशी पुष्कळदा भाडे, पाणी, मारहाण आणि एकटेपणा असतो हे त्यांचे म्हणणे वस्तीत पाऊल टाकलेल्या कोणासही नाकारता यायचे नाही.

समदुःखी माणसाच्या सहवासात मनातले दुःख शब्दांत येऊ लागते, आणि ते तसे शब्दांत आल्याने नेमके काय होते, याचा शोध शास्त्रानेही घेतला आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आपल्या आयुष्यातील अत्यंत क्लेशकारक प्रसंगाविषयी लिहावयास सांगितले. लिहिताना त्यांचे मन अधिकच खालावले, परंतु पुढील काही महिन्यांत, ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या होत्या, त्यांना आजारपणासाठी डॉक्टरकडे कमी वेळा जावे लागले. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली मेंदूच्या प्रतिमा घेऊन असे दाखवले, की भावनेला नाव दिले असता, मेंदूतील भयाच्या प्रतिसादाशी निगडित असलेल्या भागाची क्रिया मंदावते.

भावनेला नाव देणे! या बाबतीत मराठी माणसाच्या घरात केवढे धन पडून आहे, आणि तो डॉक्टरसमोर बसून ‘टेन्शन आहे’ या दोन शब्दांवर थांबतो, याचे मला फार वाईट वाटते. करायचे राहून गेले त्याची टोचणी ती रुखरुख. जाणाऱ्याच्या वाटेकडे किंवा येणाऱ्या संध्याकाळकडे पाहून, नेमके कारण न सापडता, जी वाटते ती हुरहुर. दोन बाजूंनी ओढले जाण्याची ती घालमेल; एकामागून एक विचार उठून मन गढूळ होते ते काहूर; जुनी आणि खोल रुतलेली, वरून दिसेनाशी झालेली, पण हात लागताच कळ देणारी वेदना तो सल. धीर सुटण्याची कासाविशी निराळी, कशातच रस न उरण्याचा उबग निराळा. ज्याला रुखरुख आहे त्याला क्षमा मागण्याची वा स्वतःला क्षमा करण्याची वाट दाखवावी लागते. ज्याला काहूर आहे त्याच्या विचारांची तपासणी करावी लागते. आणि ज्याला उबग आला आहे, सकाळी उठवत नाही, आवडते जेवण बेचव लागते, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज चालले आहे, त्याला औदासीन्य, म्हणजे डिप्रेशन, हा आजार असण्याचा संभव असतो आणि त्याने डॉक्टरकडे गेलेच पाहिजे. आपल्या आजीने वापरलेला शब्द आठवून तो कागदावर लिहावा. उपचाराची निम्मी दिशा त्यात सापडते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण समदुःखी संगतीचे गुणगान ऐकून कोणी औषध टाळील तर माझ्या माथी पाप येईल. अन्न-झोप सुटली, कानात कोणी नसताना आवाज येऊ लागले, किंवा जगणे नको असा विचार मनात घर करू लागला, तर तो प्रसंग शेजारणीचा नव्हे, डॉक्टरचा आहे, आणि तो त्याच दिवसाचा आहे. औदासीन्यावरील औषधांचा गुण दिसण्यास साधारणपणे दोन ते चार आठवडे लागतात. त्यामुळे चौथ्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून ती सोडणे आणि बरे वाटताच ‘आता कशाला’ म्हणून ती एकाएकी थांबवणे, या दोन्ही चुका सारख्याच महाग पडतात. ती झोपेच्या गोळ्यांसारखी सवय लावतात हा समज बहुतांशी चुकीचा आहे. रात्री-अपरात्री कोणीच जवळ नसेल, तर 10 ऑक्टोबर 2022 पासून भारत सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास आणि विनामूल्य चालते. भाषा निवडण्यास सांगतात, मराठी निवडता येते, प्रथम प्रशिक्षित समुपदेशक ऐकून घेतो आणि गरज भासल्यास तज्ज्ञाकडे जोडून देतो. पुण्यातील ‘कनेक्टिंग’ या संस्थेचे स्वयंसेवकही आत्मघाताच्या विचारांनी घेरलेल्यांचे म्हणणे दूरध्वनीवर ऐकतात. ते सल्ला देत नाहीत, ऐकतात. काकू जे सुपाने करीत, ते हे कानाने करतात.

आता सनदेचा प्रश्न. वकिलाला सनद लागते हे आपणांस ठाऊक असते. मनाचा इलाज करणाराची सनद विचारण्याचे मात्र आपल्या ध्यानातही येत नाही. मनोविकारतज्ज्ञ हा प्रथम एम.बी.बी.एस. आणि मग या शाखेतील एम.डी. किंवा पदविका घेतलेला वैद्य असतो, त्याची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या दप्तरी असते, आणि औषध लिहून देण्याचा अधिकार त्याचा. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, ज्याला व्यवहारात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतात, त्याची नोंद 1992 च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते; तो चाचण्या घेतो आणि बोलण्याच्या मार्गाने उपचार करतो, औषध देत नाही. समुपदेशक ही पाटी मात्र दीर्घकाळ कोणीही लावू शकत असे, आणि 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याने तिला शिस्त लावण्याचा आरंभ झाला असला, तरी आज दारावरील त्या पाटीमागे समाजकार्याची वा मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि अनेक वर्षांचा अनुभव असू शकतो, किंवा आठ दिवसांचा एखादा वर्गही असू शकतो. म्हणून पहिल्याच भेटीत, नम्रपणे पण न संकोचता, विचारावे: आपले शिक्षण कोठे झाले, नोंदणी कोठे आहे, माझ्यासारखी माणसे आपण पाहिली आहेत का, आणि माझे दुखणे आपल्या आवाक्याबाहेरचे निघाले तर आपण मला कोणाकडे धाडाल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी सर्वांत मोलाचे मानतो. ज्याला स्वतःची मर्यादा ठाऊक आहे त्याच्यावर इतबार ठेवावा. जो ठरावीक दिवसांत बरे करण्याची हमी देतो, जो डॉक्टरची औषधे बंद करायला लावतो, जो घरच्यांपासून तोडतो, किंवा जो दुसऱ्या रुग्णाची हकीकत आपल्याला रंगवून सांगतो, त्याच्या पायरीवरून परत फिरावे. आज तो दुसऱ्याची सांगतो, उद्या आपली सांगेल.

गुप्ततेला तर कायद्याचाच आधार आहे. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 2018 च्या मे महिन्यात अंमलात आला, आणि त्याच्या कलम 23 ने उपचाराविषयीची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क दिला. कलम 5 अन्वये, पुढेमागे आपली निर्णयशक्ती क्षीण झाली तर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे मनुष्य आगाऊ लिहून ठेवू शकतो, जसे मृत्युपत्र लिहितो तसे. विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेच वागवावे असे कलम 21 सांगते. आणि कलम 115 ने, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरून, तिला शिक्षेऐवजी शुश्रूषा देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. 1912 च्या ज्या ‘ल्युनसी ॲक्ट’खाली आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील माणसे कोंडली गेली, त्याच्यापासून या कलमांपर्यंतचा प्रवास शतकाहून मोठा आहे. हा कायदा कशा रीतीने अंमलात यावा यावर सतत काम करणारे एक केंद्र पुण्यातच, विधी महाविद्यालय रस्त्यावरील इंडियन लॉ सोसायटीत, डॉ. सौमित्र पाठारे यांच्या नेतृत्वाखाली चालते. नाशिक जिल्ह्यातील खेड्यांत गावातल्याच माणसांना दुःख ओळखायला आणि ऐकायला शिकवणारा ‘आत्मीयता’ हा त्यांचा उपक्रम मुद्दाम समजून घेण्याजोगा आहे. साताऱ्याची ‘परिवर्तन’ संस्था आणि अंधश्रद्धा निर्मूलन समिती यांनी ‘मानसमित्र’ तयार केले तेही याच धर्तीवर. या समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात ओंकारेश्वराजवळील पुलावर हत्या झाली, आणि त्याच वर्षी जो जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात झाला, त्याने भूत उतरवण्याच्या मिषाने केलेली मारहाण हा सहा महिने ते सात वर्षे कैदेचा गुन्हा ठरवला. झाडाला बांधलेली, मिरचीच्या धुराने गुदमरवलेली जी माणसे या भुताच्या नावाखाली भोगत आली, त्यांपैकी किती जणांना निव्वळ छिन्नमनस्कता होती, हा विचार मनात आला की झोप येत नाही.

वाचून शिकणाऱ्यासाठी मराठीत साहित्य आहे, आणि ते पुणे मराठी ग्रंथालयात, नगर वाचन मंदिरात किंवा अप्पा बळवंत चौकात सापडण्यासारखे आहे. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती, जिचे सार असे की घटना आणि दुःख यांच्या मध्ये आपली एक धारणा उभी असते आणि ती तपासता येते, ही डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या ‘स्वभाव-विभाव’मध्ये आपल्या बोलीत उतरलेली आहे. औदासीन्यासाठी त्यांचेच ‘विषादयोग’ आहे. त्यांनी 1990 मध्ये ठाण्यात स्थापलेल्या ‘आय.पी.एच.’ या संस्थेचे काम पुण्यातही चालते. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी, अवचटांची ‘मुक्तांगणची गोष्ट’, आणि अच्युत गोडबोले यांचे ‘मनात’ ही आणखी तीन नावे. ज्याला अक्षर नकोसे झाले आहे, त्याने सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे ‘देवराई’ आणि ‘कासव’ हे चित्रपट पाहावेत. पहिल्यामागे डॉ. वाणींचे पाठबळ होते. दुसऱ्याचे निर्माते डॉ. मोहन आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ, आणि त्या चित्रपटाला 2016 सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. पुस्तक मनाला भाषा देते, धीर देते, लाज कमी करते; आजाराचे निदान मात्र पुस्तकावरून स्वतःचे स्वतः करू नये.

काकूंची हकीकत मला फार उशिरा कळली. वाडा पाडण्याचे ठरले, भाडेकरूंची कागदपत्रे जमवताना त्यांच्या मुलाने एक जुनी तसबीर काढून दाखवली: काकू, त्यांचे यजमान, आणि दोन लहान मुले. ती दोन्ही मुले देवीच्या साथीत एकाच आठवड्यात गेली होती, या मुलाच्या जन्मापूर्वी. ‘तुमच्या आत्याला ठाऊक होतं,’ तो म्हणाला, ‘आईनं एका दुपारी फक्त तिलाच सांगितलं होतं.’

पैशाची अडचण असणाऱ्याने ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जावे. 1867 पासून उभ्या असलेल्या त्या आवारातच डॉ. आगाशे यांच्या पुढाकाराने निघालेली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थाही आहे. केसपेपरच्या खिडकीशी सकाळी रांग असते, म्हणून लवकर निघावे आणि डबा बरोबर ठेवावा. आदल्या रात्री एका कागदावर तीन गोष्टी उतरवून न्याव्यात: हे केव्हापासून आहे, झोप आणि जेवण कसे आहे, आणि सध्या कोणती औषधे चालू आहेत; कारण डॉक्टरसमोर बसल्यावर यांतले निम्मे विसरते. एक माणूस सोबत न्यावे. त्याने डॉक्टरच्या खोलीबाहेरील बाकावर बसावे, आत बोलावले तरच जावे, आणि घरी परतताना आत काय झाले हे आपणहोऊन विचारू नये.